४० टक्के कुठून आले? टेलरचं घड्याळ आणि आपलं टार्गेट

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले बरेचसे 'म्हणजे' आणि 'बेसिकली' काढून टाकलेत. जे राहिलेत ते गोड मानून घ्या.)



आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी परीक्षेत पाच मार्कांना लिहून सोडून दिलेला असणार. टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापन. बारावी कॉमर्सला ओसीच्या पुस्तकात असतं, पुढे बीबीए-एमबीएला परत भेटतं. मीही लिहिलं होतं. व्याख्या, तत्त्वं, फायदे, तोटे. तोट्यांमध्ये एक वाक्य घोकलेलं होतं, 'कामगारांना यंत्राप्रमाणे वागवले जाते.' वाक्य खोटं नाहीये. पण त्यावरून काही कळतही नाही. नेमकं काय चुकतं, कुठल्या पायरीला चुकतं, ते त्यात नाही.

मला ते कळायला सुरुवात झाली नोकरीला लागल्यावर. पुण्यात एका कॉल सेंटरला मी वर्षभर मराठी-हिंदी लाइनवर होते. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा असायचा, एएचटी. एका कॉलला सरासरी किती सेकंद लागतात, तो. टार्गेट होतं २६०. त्याच्या आत राहिलात तर हिरवा, बाहेर गेलात तर लाल. एका दुपारी एका आजोबांचा फोन आला. पॉलिसीचा नंबर विचारला, तर म्हणाले, "थांब हं बाळा, चष्मा घेतो." मग कपाट उघडल्याचा आवाज. मग आत कुणाला तरी हाक, "अगं, ती निळी फाइल कुठे ठेवलीस?" इकडे माझा आकडा २०० च्या पुढे. मग २२०. मग २४०. मी काय केलं? "सर, नंबर शोधून ठेवा आणि पुन्हा कॉल करा," असं गोड आवाजात सांगितलं आणि कॉल संपवला. हिरवी राहिले. आजोबांना परत ते वेटिंगचं संगीत ऐकत बसावं लागलं असणार, आणि आमच्या हिशेबात तो अजून एक नवा कॉल म्हणून मोजला गेला असणार. म्हणजे काम एक, कॉल दोन, आणि दोन्ही वेळेत!

नंतर टीम लीडरला विचारलं, "अरे, हे २६० आलं कुठून?" तो म्हणाला, "वरून." वरच्या मॅडम म्हणाल्या, "क्लायंटकडून." पुढे एकदा क्लायंटचा माणूस फ्लोअर बघायला आला, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "इंडस्ट्री स्टँडर्ड आहे." आणि कॉफी घ्यायला गेला.

तर आजच्या भागाचा प्रश्न एवढाच आहे. २६० आलं कुठून? त्यासाठी आपल्याला सव्वाशे वर्षं मागे, अमेरिकेतल्या एका पोलाद कारखान्यात जावं लागेल.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर. जन्म १८५६, फिलाडेल्फियाचा, खात्यापित्या घरातला मुलगा. हार्वर्डची प्रवेश परीक्षा पास झाला होता, पण डोळ्यांच्या त्रासामुळे गेला नाही आणि थेट कारखान्यात उमेदवारी करायला लागला. (जाता जाता, १८८१ मध्ये हा गडी अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत दुहेरीचा विजेता होता. परीक्षेत कधी विचारणार नाहीत, पण माहीत असू द्या.) १८७८ मध्ये तो मिडव्हेल स्टीलमध्ये मजूर म्हणून लागला, मग लेथवर गेला, मग मुकादम झाला.

मुकादम झाल्यावर त्याला कळलं, कळलं काय, आधीपासून माहीतच होतं, की लेथवरची माणसं जाणूनबुजून हळू काम करतात. आणि त्याचं कारणही त्याला नीट माहीत होतं. मजुरी नगावर असायची. समजा तुम्ही दिवसाला दहा नग करता. जोर लावून पंधरा केले, चार पैसे जास्त मिळाले. महिन्याभरात मालक म्हणणार, अरेच्चा, पंधरा होतात की! मग नगाचा दर उतरवणार. आता पंधरा करून तुम्हाला दहाचेच पैसे. असं एकदा झालं की शहाणा माणूस परत कधी पंधरा करेल का? वर शेजारच्यालाही सांगेल, बाबा रे, दमानं घे.

इथे टेलरला श्रेय द्यायला हवं. कामगार मुळातच आळशी, एवढंच म्हणून तो थांबला नाही. दर कापणारे मालकच ही सवय लावतात, हे त्याने स्वच्छ लिहिलंय. त्याचा उपाय काय होता? दिवसभराचं 'पुरेसं काम' म्हणजे किती, हे मालकाने ठरवायचं नाही आणि कामगारानेही नाही. ते मोजायचं. काम लहान लहान हालचालींत तोडायचं, स्टॉपवॉच लावायचं, फालतू हालचाली काढायच्या, विश्रांती किती लागते ते बघायचं, आणि आकडा काढायचा. शास्त्राने आकडा दिला की भांडण संपलं. दोन आणि दोन चार होतात यावर कोणी संप करतं का?

कल्पना म्हणून मला ही आजही आकर्षक वाटते, खरं सांगते. आणि लोखंडाच्या बाबतीत त्याने ती खरी करून दाखवली होती. धातू कापताना हत्यार किती वेगाने फिरवायचं, किती खोल घालायचं, यावर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे २६ वर्षं प्रयोग केले. नोंदवलेले प्रयोग ३० ते ५० हजारांच्या घरात, आणि त्यात आठ लाख पाउंडांहून जास्त लोखंड-पोलाद कापून काढलं. परिणाम करणारे १२ वेगवेगळे घटक धरून गणित बसवलं. त्यातूनच बेथलेहेम स्टीलमध्ये हाय-स्पीड स्टीलचं काम झालं, ज्याने जगभरच्या मशीन शॉपचा वेग बदलला. याला शास्त्र म्हणायला कोणाची हरकत नाही.

आता त्याच माणसाने माणूस कसा मोजला, ते बघू.

वर्ष १८९९, कारखाना तोच, बेथलेहेम. आवारात कच्च्या लोखंडाचे ठोकळे पडलेले. एक ठोकळा ९२ पाउंडांचा, म्हणजे जवळजवळ ४२ किलो. मजुराने तो उचलायचा, फळीवरून चढत रेल्वेच्या वॅगनमध्ये नेऊन टाकायचा, परत यायचं. टेलरच्या म्हणण्यानुसार एक माणूस दिवसाला सरासरी साडेबारा टन भरायचा. टेलरने सांगितलं, शास्त्राप्रमाणे हा आकडा ४७.५ टन हवा. जवळपास चौपट. त्याने एक माणूस निवडला, पुस्तकात त्याचं नाव 'श्मिट'. त्याला सांगितलं, जेव्हा उचल म्हणतील तेव्हा उचल, बस म्हणतील तेव्हा बस, उलट बोलायचं नाही. श्मिटने दिवसाला ४७.५ टन भरले आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. १९११ मध्ये आलेल्या 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' या पुस्तकातली ही सगळ्यात गाजलेली गोष्ट.

जरा कॅल्क्युलेटर काढू या. ४७.५ टन म्हणजे दिवसाला ११५० हून जास्त ठोकळे. दहा तासांचा दिवस धरला तर दर ३१ सेकंदांना एक. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. त्याहून थोडं हलकं काहीतरी दर अर्ध्या मिनिटाला, दिवसभर, चढावर. आणि पैसे? काम ३.८ पट, मजुरी १.६ पट. टनामागे मालकाला आधी ९ सेंटच्या वर मजुरी पडायची, आता ४ सेंटच्या आत. वाचलेला पैसा वाटून घेऊ, असा टेलरचा दावा होता. वाटणी झाली हे खरं, पण कोणाच्या वाट्याला किती हे कुठल्या घड्याळाने सांगितलं? ते टेलरने ठरवलं. साधारण ६० टक्के वाढ दिली की मजूर खूश राहतो, आणि त्याहून फार जास्त दिलं तर बिघडतो, असं त्याचं मत होतं. मत, बरं का. मोजमाप नाही.

पण खरी गंमत ४७.५ या आकड्यातच आहे. १९७४ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं काढून या गोष्टीची उलटतपासणी केली. त्यांना काय सापडलं? टेलरच्या माणसांनी धडधाकट हंगेरियन मजुरांची एक तुकडी निवडली आणि तिला जमेल तितक्या वेगाने वॅगन भरायला सांगितली. १४ मिनिटांत साडेसोळा टन भरले. या १४ मिनिटांवरून दहा तासांचा हिशेब केला, तो आला माणशी ७१ टन. तो धरला ७५. मग विश्रांती, खोळंबा वगैरेसाठी त्यातून ४० टक्के वजा केले. उरतात ४५. ही झाली त्या 'शास्त्रीय' आकड्याची जन्मकथा.

हे ४० टक्के कुठून आले? २५ का नाहीत, ६० का नाहीत? ते कोणी मोजले नव्हते. नंतर टेलरने याला 'जड कामाचा नियम' असं भारदस्त रूप दिलं, ४२ किलोचा ठोकळा हातात दिवसातला ४३ टक्केच वेळ राहू शकतो वगैरे. पण धातूच्या कामात जसे हजारो प्रयोग आहेत तसं इथे काही नाही. १४ मिनिटं धावून कोणाचंही दिवसाचं माप काढता येतं का? तुम्ही १०० मीटर किती सेकंदांत पळता त्यावरून तुमची मॅरेथॉन ठरवली, आणि वर 'दमणार बिचारा' म्हणून ४० टक्के सूट दिली, तर तुम्ही काय म्हणाल?

अजून ऐका. पहिल्या निवडलेल्या तुकडीने टनावर मजुरी घ्यायला नकारच दिला, त्यांना कामावरून काढलं. 'श्मिट' म्हणजे हेन्री नोल नावाचा खरा माणूस, स्वतःचं घर बांधत होता, त्याला पैशांची निकड होती. आणि टेलरने स्वतःच लिहिलंय की हा आकडा आठातल्या एकालाच शरीराने झेपतो. म्हणजे 'एका माणसाचं दिवसाचं योग्य काम' असं ज्याला म्हटलं, ते आठातल्या सात माणसांचं नव्हतंच. बाकीच्यांसाठी दुसरं काम असतं, असं टेलरचं उत्तर. शिवाय असल्या कामाला योग्य माणूस बुद्धीने बैलाच्या जवळचा असतो, असंही तो लिहून गेला. आणि श्मिटचे संवाद त्याने मुद्दाम तुटक्या, जर्मन वळणाच्या इंग्रजीत लिहिले. यातून त्या मजुरापेक्षा लिहिणाऱ्याबद्दल जास्त कळतं.

'शास्त्रीय व्यवस्थापन' हे नावही कारखान्यात ठरलं नाही. १९१० मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर वाढवून मागितले. त्याविरुद्ध लढणारे वकील होते लुई ब्रँडाइस, जे पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांचा मुद्दा असा, की दर कशाला वाढवता, कारभार नीट करा, रोजचे दहा लाख डॉलर वाचतील. या पद्धतीला काहीतरी दमदार नाव हवं म्हणून टेलरच्या काही सहकाऱ्यांबरोबर बसून त्यांनी हे नाव पक्कं केलं. म्हणजे 'शास्त्रीय' हे विशेषण एका वकिलाने केस जिंकण्यासाठी निवडलेलं. एकदा ते चिकटलं की विरोध करणारा आपोआप अशास्त्रीय ठरतो. सोयीचं आहे की नाही?

आता वॉटरटाउन. हा माझा या सगळ्या कहाणीतला आवडता भाग आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये वॉटरटाउन आर्सेनल हा लष्कराचा सरकारी कारखाना. तिथे टेलर पद्धत आणली जात होती. ऑगस्ट १९११ मध्ये ओतकामाच्या विभागात, म्हणजे फाउंड्रीत, साचे करणाऱ्या मोल्डरांच्या मागे एक माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. तो घड्याळात तरबेज होता, फाउंड्रीच्या कामात नाही. खोगिराच्या एका भागाचा साचा करायला त्याने जी वेळ ठरवली, तेच काम एका जाणत्या मोल्डरने गुपचूप मोजलं, तर लागलेली वेळ जवळपास दुप्पट निघाली! त्या रात्री मोल्डर जमले, आणि घड्याळाखाली काम करायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी एकाने घड्याळवाल्यासमोर काम करायला नकार दिला, त्याला काढलं, आणि सगळे मोल्डर बाहेर पडले. आठवडाभर संप चालला.

लक्षात घ्या, मजुरी कापली गेली नव्हती. उलट, जास्त कमवायची संधी म्हणून ही योजना आली होती. मग चिडले कशावर? त्यांच्या अर्जात त्यांनी म्हटलं होतं की आम्ही सरकारला नेहमी आमच्याकडचं उत्तम तेच दिलंय, आणि हा प्रकार आमचा अपमान आहे. वीस वर्षं वाळू आणि वितळलेलं लोखंड हाताळणाऱ्या माणसाला त्या कामातलं काही न कळणारा येऊन सांगतो, तुझ्या कामाची वेळ मला तुझ्यापेक्षा जास्त कळते. पगार वाढवून देतो, पण तुझं म्हणणं विचारणार नाही.

संपाचा परिणाम मोठा झाला. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने टेलर पद्धतीच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष विल्यम विल्सन, स्वतः पूर्वीचे कोळसा खाणकामगार, पुढे अमेरिकेचे पहिले कामगार मंत्री. जानेवारी १९१२ मध्ये टेलरची त्यांच्यासमोर साक्ष झाली. विल्सन यांनी त्याला 'पहिल्या दर्जाचा माणूस' या त्याच्या शब्दावर गाठलं. जे पहिल्या दर्जाचे नाहीत, त्यांचं काय? टेलर म्हणाला, प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या कामात पहिल्या दर्जाचा असतोच, मी बोलतोय ते ज्यांना येतं पण करायचं नाही त्यांच्याबद्दल, गाता येऊन न गाणाऱ्या पक्ष्याबद्दल. पण ती दुसऱ्या कामाची जागा प्रत्यक्षात असेल का, आणि ती कोण देणार, हे त्याला सांगता आलं नाही. पुढे १९१५ मध्ये लष्कराच्या खर्चाच्या कायद्यातच कलम घातलं गेलं, या पैशांतून सरकारी कारखान्यात स्टॉपवॉच लावायचं नाही. ही बंदी १९४९ पर्यंत टिकली. टेलर १९१५ मध्येच, ५९ व्या वर्षी गेला.

टेलरच्या बाजूने जे बोलतात ते म्हणतात, त्याने विश्रांतीची वेळ धरली होती, योग्य हत्यारं द्या म्हणाला होता, दर कापू नका म्हणाला होता. मालकांनी घड्याळ तेवढं उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. यात तथ्य आहे. त्याच्या फावड्याच्या अभ्यासात, प्रत्येक मालासाठी वेगळ्या मापाचं फावडं द्यायचं म्हणजे एका वेळी सुमारे २१ पाउंडच भार येईल, हे खरंच कामगाराच्या पाठीच्या भल्याचं होतं. पण मला हा बचाव पुरेसा वाटत नाही. कारण मालकांना फक्त घड्याळ उचलता आलं, याचं कारणच असं की आकडा ठरवायची सगळी सत्ता टेलरने एका बाजूला दिली होती. ज्याचं माप काढायचं त्याला आकड्याबद्दल बोलायला जागाच ठेवली नाही. दोन आणि दोन चारवर चर्चा कशाला, नाही का?

याचीच दुसरी बाजू अशी. टेलरने उघड लिहिलं होतं की कारागिरांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावं, त्याचे नियम-तक्ते करावेत, आणि विचार करायचं काम कारखान्याच्या मजल्यावरून उचलून वेगळ्या खोलीत न्यावं. अमेरिकेतले हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्ये 'लेबर अँड मोनोपोली कॅपिटल' या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं. ते स्वतः तांब्याचं काम करणारे कारागीर होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यात फक्त वेग वाढत नाही, तर काम ठरवणारा आणि काम करणारा यांची फारकत होते. ज्याला सगळं येतं त्याला तुम्ही सहज काढू शकत नाही. ज्याला एकच तुकडा येतो, त्याच्या जागी उद्या दुसरा आणता येतो, तोही स्वस्तात. आमच्याकडे कॉल सेंटरला स्क्रिप्ट असायची. ग्राहक काय म्हणाला की आपण काय म्हणायचं, सगळं छापील. नवीन मुलगी दोन आठवड्यांत फ्लोअरवर. आता कळतं, ती सोय नेमकी कोणासाठी होती.

आता भारतात येऊ, कारण ही हवा इथेही पोचली होती. १९२० च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या गिरण्यांमध्ये 'एफिशियन्सी' आणि सुसूत्रीकरणाच्या नावाने योजना आल्या. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, सूतकताईतल्या माणसाने एकाऐवजी दोन बाजू. १९२८ चा गिरणगावातला मोठा संप, एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला, त्यामागे मजुरीबरोबर हाही प्रश्न होता. तिथे टेलरचं नाव कोणी घेत नसेल, पण प्रश्न वॉटरटाउनचाच. तिसरा माग सांभाळता येतो, हे कोणी ठरवलं? आणि तिसऱ्या मागामुळे ज्याचा माग गेला, त्याने जायचं कुठे?

आणि एक गोष्ट अहमदाबादची, जी ओसीच्या पुस्तकात असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. १९५३ मध्ये साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये ऑटोमॅटिक माग आले होते. नवीन यंत्रं, पण उत्पादन म्हणावं तसं वाढेना. काम टेलरच्या धाटणीने तुकड्यांत वाटलेलं होतं. २९ माणसं आणि १२ प्रकारची कामं. एक जण फक्त विणकर, एक फक्त बॉबिन भरणारा, एक फक्त तुटलेले धागे जोडणारा. प्रत्येकाचं माप वेगळं काढलेलं. मग अडचण काय? समजा एका बाजूला सूत खराब आलं आणि धागे भराभर तुटायला लागले. तिथला माणूस घामाघूम, आणि बाजूचा मोकळा उभा, कारण धागा जोडणं 'त्याचं काम' नाही. कागदावर प्रत्येक माप बरोबर होतं, पण ती मापं नेहमीच्या दिवसासाठी होती, आणि मागांच्या खोलीत नेहमीचा दिवस क्वचितच उगवतो.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांनी सुचवलं, छोटे गट करा, प्रत्येक गटाकडे मागांचा एक समूह द्या, आणि आत काम कसं वाटायचं ते गटाला ठरवू द्या. पुढचं ऐकण्यासारखं आहे. व्यवस्थापन बारकावे ठरवत बसायच्या आत कामगारांनी कल्पना उचलली आणि आपले गट आपणच जुळवले, सात-सात जणांचे. सुरुवातीला धडपडले, मग उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं. यंत्रं तीच, माणसं तीच. घड्याळवाल्याला न दिसणारी गोष्ट, म्हणजे कोण कधी अडतो आणि त्याला कोण हात देऊ शकतो, ती त्या सात जणांना आधीपासून दिसत होती.

मी हे फार रंगवून सांगत नाहीये. गट म्हणजे स्वर्ग नव्हे. गटही माणसाला दाबतो. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका खोलीचं निरीक्षण केलं होतं. तिथे दिवसाचं काम किती याचा कामगारांचा स्वतःचा ठरलेला आकडा होता, आणि त्यापेक्षा जास्त करणाऱ्याला बाकीचे दंडावर गुद्दा मारायचे! निरीक्षकांनी याला भावनिक, समूहाचं वागणं म्हटलं. मला वाटतं, मिडव्हेलच्या लेथवरच्या माणसांना हे लगेच कळलं असतं. दर उतरू नये म्हणून आकडा धरून ठेवणं यात भावनेपेक्षा हिशेबच जास्त आहे.

आज स्टॉपवॉचवाला माणूस दिसत नाही, कारण तो यंत्रात गेलाय. गोदामात हातातला स्कॅनरच सांगतो, मागची वस्तू स्कॅन करून किती सेकंद झाले. डिलिव्हरीच्या ॲपमध्ये वेळ उतरत जाते. टेलरच्या माणसाने १४ मिनिटं मोजली होती, हे सगळे दिवसभर मोजतात. म्हणून आता आकडा अंदाजाचा उरला नाही, असं वाटू शकतं. पण मोजमाप कितीही बारीक झालं तरी 'किती सेकंद लागले' यातून 'किती लागायला हवेत' हे निघत नाही. मध्ये कोणीतरी बसून ठरवावं लागतं. सगळ्यांची सरासरी धरायची की सगळ्यात वेगवान दहा जणांची? लिफ्ट बंद असेल तर? पाऊस असेल तर? पाळीचा दुसरा दिवस असेल तर? ही सगळी आधुनिक ४० टक्क्यांची जागा आहे, आणि ती आता सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असते, जिथे आपल्याला लॉगिन नसतं.

कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये गोदामांसाठी एक कायदा केला, तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात टार्गेटवर बंदी नाही. त्यात आहे ते एवढंच, की कामगाराला त्याचा कोटा लेखी सांगा, आणि जेवणाची सुट्टी, विश्रांती किंवा बाथरूमला जाणं शक्य होणार नाही असा कोटा लावू नका. वाचताना वाटतं, यासाठी कायदा लागतो? मग मला आमचा फ्लोअर आठवतो. बाथरूमला जाताना 'ऑक्स' दाबून जायचं, आणि शिफ्ट संपताना त्याची मिनिटं सगळ्यांच्या ग्रुपवर यायची.

हो, त्या हेन्री नोलचं सांगायचं राहिलं. टेलरचं पुस्तक गाजल्यावर अफवा उठली की 'श्मिट' कामाच्या अतिरेकाने मेला. टेलर अस्वस्थ झाला. त्याने नोलचा शोध घ्यायला लावला, माणूस जिवंत सापडला, आणि डॉक्टरकडून तपासून तो धडधाकट असल्याचा दाखलाही घेतला.

बरं, या वेळचं तुमचं काम. तुमच्या टार्गेटचा आकडा कुठून आला, तो कोणावर मोजला, किती दिवस मोजला आणि त्यातून काय वजा केलं, हे तुमच्या ऑफिसात, दुकानात, ॲपवाल्यांना विचारा. जे उत्तर मिळेल ते व्हॉइस नोटवर पाठवा, नाव-गाव-कंपनी न सांगता. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवेन. फक्त 'वरून' हे उत्तर पाठवू नका. ते माझ्याकडे आहे.